आईबरोबर भट्ट्यांवर

ईट गावाच्या पुढं डोंगराकडं जाणाऱ्या वाटेवर एक गाव आहे. तिथल्या सरकारी दवाखान्यात माझी आई नर्स होती. आमच्या घरानं बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा आजोबांनी हट्टानं तिला शिकायला पाठवलं होतं, त्यामुळे तिला नोकरी होती. वडिलांना काम होतं-नव्हतं सारखंच. ते दारू पीत.

ते दोन-दोन दिवस घरी आले नाहीत की आई ड्युटीवरचं पांढरं पातळ उतरवून साधं लुगडं नेसायची आणि मला म्हणायची, "चल." एकटी बाई हातभट्टीवर गेली तर लोक तोंडाला येईल ते बोलतात, लेक बरोबर असली की जरा आवरून बोलतात, असं तिचं म्हणणं. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. ओढ्याच्या पात्रात, बाभळींच्या आडोशाला, डोंगराच्या कपारीत, अशा त्या भट्ट्या असायच्या. चुलीवर पत्र्याचं पिंप, त्यात गुळाचं आंबलेलं रसायन, पिंपातून निघालेली नळी आणि नळीच्या टोकाला थेंब-थेंब भरणारी बाटली. लांबूनच आंबूस वास यायचा. आई वासावरून सांगायची, आज पेटलीय की न्हाय.

गावात आम्हांला पाणी वरून ओतून देत. भट्टीवर मात्र सगळ्या जातींची माणसं एकाच ग्लासानं पीत होती. वडील त्या माणसांत खुशीत बसलेले असत. आई समोर जाऊन उभी राहायची. थोड्या वेळानं ते उठायचे आणि आमच्या पुढं चालू लागायचे.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी त्यांच्या पोटात पाणी झालं आणि ते गेले. त्या वाटांनी जायचं मग आम्हांला काही कारण उरलं नाही.

दुष्काळ पडला. विहिरी तळाला गेल्या, उसाचं टिपरू शिवारात दिसेना, गुऱ्हाळं बंद झाली. सोसायटीत रेशनवर लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, मिळायची, तीसुद्धा रांगेत उभं राहून. गूळ तर औषधालाही मिळेना. गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं होतं, सगळं गाव तिथं माती वाहत होतं, खडी फोडत होतं. बाजाराच्या दिवशी पगार वाटला जायचा आणि दिवसभर उन्हात तापलेली माणसं थेट ओढ्याकडं वळायची. गूळ नाही म्हणून भट्ट्या थांबल्या नाहीत. कुठला तरी ट्रकवाला कॅन आणून देऊ लागला. लाकडाला पॉलिश करायचं स्पिरिट की काय होतं ते. त्यात पाणी घालायचं आणि विकायचं. चूल पेटवायचीही गरज नाही.

अशाच एका बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या ओट्यावर माणसं आणून टाकली. मी आईचा डबा घेऊन गेले होते. एकजण भिंतीला टेकून डोळ्यांसमोर हात हलवत होता आणि म्हणत होता, "समदं दुधावानी दिसतंय, बाई. उजेड लई झालाय." बाकीचे ओकत होते. तलावाच्या कामावरची जीप मिळाली, डॉक्टरांनी त्यांना त्यात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. एकाला न्यायची गरज पडली नाही. तो ओट्यावरच गेला. त्याची बायको कामावरून धावत आली, तिच्या हातात टोपलं तसंच होतं.

जीपमध्ये बसताना डॉक्टर म्हणाले, "मी तालुक्याला पोलिसांत कळवतो."

"कळवा," आई म्हणाली. "पण पोलीस यायच्या आत कॅन दुसऱ्या गावाला जातील, साहेब."

जीप गेली. आईनं मेलेल्या माणसाच्या तोंडावर चादर ओढली, त्याच्या बायकोजवळ दवाखान्याच्या शिपायाला बसवलं आणि माझ्याकडं वळली. "चल," म्हणाली. या वेळी तिनं पांढरं पातळ बदललं नाही.

पहिली भट्टी ओढ्यातल्या म्हातारीची. आम्हांला बघून ती उठून उभी राहिली आणि गोंधळून म्हणाली, "बाई, आता तुमचं माणूस न्हाय इथं."

"माहीत हाय, मावशी. कॅन कुठंय?"

आईनं ओट्यावरचं सगळं सांगितलं. मेला कोण, तेही सांगितलं. म्हातारी मटकन खाली बसली. तो तिच्याच गल्लीतला होता. तिनं झुडपातून कॅन ओढून काढला आणि स्वतःच्या हातानं वाळूत उपडा केला. वाळू इतकी कोरडी होती की ओल क्षणभरही टिकली नाही. "म्या काय जाणून पाजलं न्हाय," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आई पुढच्या भट्टीकडं वळली.

दुसऱ्या भट्टीवरची माणसं आम्हांला लांबून बघूनच पळाली. दगडांच्या आड कॅन सापडला. तो आईनं आणि मी दोघींनी ओढत काढून ओतला. तोंड बाजूला ठेव, असं ती मला सांगत होती.

तिसरी डोंगराच्या पायथ्याला होती. ती एका तरुण नवराबायकोची. या माणसाबद्दल आईच्या मनात वाईट नव्हतं. वडील फारच झिंगले की तो त्यांना सायकलवर पुढं बसवून घरी आणून सोडायचा. त्याच्या बायकोला दिवस गेले होते आणि ती आईकडंच तपासायला यायची. आम्ही गेलो तेव्हा पाच-सहा गिऱ्हाइकं झाडाखाली बसली होती, अजून ग्लास भरले नव्हते.

आईनं सगळ्यांच्या देखत सांगितलं. कॅनमधली पिऊ नका, डोळे जातील, जीव जाईल, एक गेला आत्ताच.

गिऱ्हाइकं एकमेकांकडं बघू लागली. एकजण उठलाच. तो तरुण हसला, पण त्याचा चेहरा उतरला होता.

"बाई, ते दुसऱ्याकडं प्याले असतील. माझा माल तसला न्हाय."

"कॅन एकाच ट्रकचे हायत, दादा. ओता ते."

"म्हंजे म्या इथं बसून लोकांस्नी इख पाजतोय व्हय?"

"तुम्ही मुद्दाम पाजता असं मी म्हणत न्हाय. पण इखच हाय ते."

तो शब्द आपण उच्चारायला नको होता, असं आई पुढं कितीदा तरी म्हणाली. झाडाखाली बसलेला एकजण खिक्कन हसला. त्या तरुणानं कॅनमधून ग्लास भरला, त्यात तांब्यातलं थोडं पाणी घातलं. आई पुढं धावली, तिनं त्याचं मनगट धरलं. त्यानं तिला बाजूला सारलं आणि घटाघटा पिऊन टाकलं. पालथा ग्लास सगळ्यांना दाखवला.

"बघा. काय झालं?"

आईनं त्याच्या बायकोला ओरडून मीठ आणि पाणी आणायला सांगितलं. "ओका. घशात बोटं घाला, ओका आधी!" ती त्याचे खांदे धरून गदागदा हलवत होती. आईला असं परक्या माणसाला धरताना मी कधी पाहिलं नव्हतं. तो हसत होता, लोकही हसत होते. बायको मिठाचं पाणी घेऊन आली तर त्यानं तांब्याच उडवला. पण त्या हसण्यातही कुणी पुढं होऊन ग्लास मागितला नाही. एकेक करून सगळे उठले आणि गेले. त्या कॅनमधलं त्याच्याशिवाय कुणीही प्यालं नाही.

आई बराच वेळ तिथंच बसून राहिली. त्याला काही होत नव्हतं. शेवटी तोच म्हणाला, "जावा बाई आता घरी. पोरगी उन्हात बसलीय तुमची." येताना आईनं त्याच्या बायकोला बजावलं, डोळ्यांचं काही म्हणाले तर तडक घेऊन या.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर बायकोनं त्याला दवाखान्यात आणलं. तो तिच्या खांद्यावर हात ठेवून चालत होता आणि पाय उंच उचलून टाकत होता, पाण्यात चालल्यासारखे. टँकर पाणी सोडून परत चालला होता, आईनं तो थांबवला आणि त्याला ड्रायव्हरशेजारी बसवून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. टँकर निघाल्यावर त्याची बायको आईसमोर येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती.

"तुम्ही आला नसता तर त्यांनी पेली नसती," ती म्हणाली. "ते कधीच पीत नव्हते, बाई."

ते खरं होतं. तो विकायचा, पण कधी प्यायचा नाही. वडीलही त्याची ती गोष्ट कौतुकानं सांगायचे. आईनं तिला सावलीत बसवलं आणि तिचं बी.पी. बघायला घेतलं. त्या बाईनं हात काढून घेतला.

तो वाचला. डोळे गेले. घरी आला तेव्हा उरलेला कॅन त्याच्या बायकोनं ओतून टाकलेला होता आणि ती तलावाच्या कामावर खडी फोडत होती, तसल्या अवस्थेत. तपासायला म्हणून ती पुन्हा आली नाही. आईच तिच्या घरी जायची. आई दारात आली की ती उठून परसात जायची. आई त्या आंधळ्या माणसाशी चार शब्द बोलून परत यायची.

पाऊस आला त्यानंतर काही दिवसांनी तिची वेळ भरली. अडली होती. सुईणीनं हात टेकले, तेव्हा तिच्या सासूनं आईला बोलावणं पाठवलं. मी पिशवी घेऊन बरोबर गेले आणि ओसरीवर त्या माणसाशेजारी बसले. आतून आईचा आवाज येत होता, तिचा येत नव्हता. इतक्या कळा सोसूनही तिनं आईशी एक शब्द काढला नाही. सकाळी गेलेलो, दुपार कलली तेव्हा पोरगी झाली.

आईनं तिला फडक्यात गुंडाळून बाहेर आणलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं बोटांनी तिचं कपाळ चाचपलं, नाक चाचपलं. डोळ्यांपाशी बोट आलं तसं उचललं, लावलं नाही.

"डोळं उघडतीया का, बाई?"

"व्हय," आई म्हणाली. "दाराकडं बघतीया."

तो मान हलवत राहिला. आतून त्याच्या बायकोनं पहिल्यांदा तोंड उघडलं. तिनं सासूला सांगितलं, नर्सबाईंना हात धुवायला गरम पाणी द्या.

पुढच्या वर्षी आईची बदली लोहाऱ्याकडं झाली. ऊस परत उभा राहिला, गूळ निघाला आणि डोंगराच्या पायथ्याची ती भट्टी पुन्हा पेटली, असं आम्हांला तिकडं कळलं. आता ती त्या आंधळ्याची बायको चालवत होती. आईनं ते ऐकलं आणि कांदा चिरत होती तो चिरत राहिली. कांदा चिरून झाल्यावर तिनं विचारलं, "पोरगी चालायला लागली का, ते न्हाय कुणी सांगितलं?"