कॉम्प्रेसरवरची गोधडी

धूर! मागच्या अंगणातल्या लाकडी खोक्यातून धूर येत होता आणि आत कॉम्प्रेसर धडधडत होता, कुणी चालू न करताच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी बघितलं आणि हातातलं लाटणंच पडलं. पोरगी पाळण्यात रडत होती. हे घरी नव्हते. शेजारणीच्या गाडीतून बाउमार्क्टला, हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात गेले होते, खोक्याला आतून लावायचा फोम आणायला.

फोन लावला. उचलला नाही. परत लावला. अहो, उचला ना! आगीच्या गाडीचा नंबर पाठ होता, पण त्यांना सांगू काय? दहावीला दोनदा बसून नापास झालेली मी, जर्मनचा क्लास पोटात पोरगी आल्यावर सुटला तो सुटलाच. धुराला जर्मनमध्ये काय म्हणतात तेच येईना.

खरं तर त्या खोक्यावर माझा आधीपासूनच राग होता. हे इथं जर्मनीत, ड्रेस्डेनजवळच्या एका कारखान्यात मेकॅनिक. सुट्टीच्या दिवशी तळघरात जुन्या मोटरसायकली दुरुस्त करत बसायचे, त्यासाठी कॉम्प्रेसर घेतला. तो सुरू झाला की भांडी वाजायची, पोरगी दचकून उठायची. शेवटी घरमालक म्हणाला, दुपारी रूहेत्साइट असते, तेव्हा सगळीकडे शांतता पाहिजे, हा राक्षस बाहेर काढा. मग मागच्या भिंतीला टेकून त्याला घर बांधायचं ठरलं. आणि बांधणार कोण, तर शेजारीण. ती सुतारकामच करते, गाडीत करवती घेऊन फिरते. मापं घेताना दोघांची डोकी एका फळीवर वाकलेली असायची. ती "सुपर!" म्हणून ह्यांच्या खांद्यावर थाप मारायची आणि हे असे हसायचे, असे हसायचे, की घरात मी तसं हसणं कधी ऐकलंच नव्हतं. मला कधी खिळा धर म्हणाले नाहीत.

"अहो, पोरीच्या खिडकीतून वारा येतोय, जरा बघा की."

"बघतो गं. आधी ह्याचं होऊ दे. थंडीत ह्याचं तेल घट्ट होतं, चालूच होत नाही."

"पोरीचं नाकपण घट्ट झालंय."

ऐकलंच नाही. आणि त्या दिवशी सकाळी तर पाळण्यातली गोधडीच उचलली. माझ्या आईनं स्वतःच्या जुन्या साड्यांची शिवलेली, पोरीसाठी पाठवलेली.

"अहो, ती कुठं नेताय?"

"थोडाच वेळ. फोम आणेपर्यंत ह्याला ऊब राहील. आमच्या शेतावर थंडीत इंजिनावर पोतं टाकायचो, सकाळी एका हिसक्यात चालू!"

"मग पोतं घ्या!"

"इथं पोतं कुठलं आणू, बाई?"

बाहेर शेजारणीनं हॉर्न दिला. ह्यांनी कॉम्प्रेसर गोधडीत गुंडाळला, झाकण लावलं आणि पळत गेले. प्लग तसाच. टाकीतली हवा हळूहळू गळते, कमी झाली की मशीन आपोआप सुरू होतं, हे त्यांनीच मला सांगितलेलं.

तर मी धावले. पायात नुसते मोजे, खाली बर्फ. तळघराच्या खिडकीतून वायर बाहेर आली होती, ती दोन्ही हातांनी ओढली. प्लग निघाला, धडधड थांबली. झाकण उघडलं तर जळक्या कापडाचा वास घशात गेला. गोधडी खेचून बर्फात टाकली आणि वर नाचले, अक्षरशः नाचले. आईची हिरवी साडी होती तिथंच मोठं काळं भोक. मग घरात पळाले, पोरीला शालीत घेतलं आणि परत येऊन बघते, पुन्हा पेटलं तर नाही ना.

तेवढ्यात दोघं आले. हे माझ्याकडे नाही, मशीनकडे धावले. त्याच्यावर हात ठेवून बघितलं, जसा पोरीच्या कपाळावर ठेवायला पाहिजे होता तसा. शेजारणीनं बर्फातली गोधडी उचलली आणि विचारलं, ही कुणी घातली? एवढं जर्मन मला कळतं.

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "माइने फ्राऊ." माझी बायको.

मी इथं नवीन आले तेव्हा हेच दोन शब्द छाती काढून सगळ्यांना सांगायचे.

ती माझ्याजवळ आली. चिडली नाही, तेच जास्त लागलं. बोटानं खोक्याची भोकं दाखवली, तोंडानं फूऽ फूऽ केलं. मशीनला हवा लागते, झाकायचं नाही. बालवाडीतल्या पोराला सांगावं तसं. मग पोरीच्या गालाला हात लावला.

"नाइन, एर," एवढंच म्हणायचं होतं. नाही, ह्यांनी. ओठांवर आलेलं. पण मी तसं म्हणाले असते तर ती ह्यांच्याकडे वळून हसली असती, खांद्यावर थाप मारली असती, हेही हसले असते आणि मी परत खिडकीतच. नाही बोलले तर मी तिच्यासाठी कायमची अडाणी बायको. माझे पाय बधिर झाले होते.

"याऽ, गेनाऊ," मी म्हणाले. हो, बरोबर.

ह्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. मग दोघं गाडीतून फोम उतरवायला गेले, आणि मी एका हातात पोरगी, एका हातात ओली जळकी गोधडी घेऊन तिथंच उभी. तुम्ही असतात तर काय केलं असतंत? तिच्यासमोर बोलला असतात?