उल्काने पाहिलेले डोंगर

उल्काला डोंगर आवडायचे ते खिडकीतूनच. ग्लासगोत संसार उभा राहिला, हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरीही जुनी झाली, पण सुट्टीच्या दिवशी तिला घर, चहा आणि गरम रेडिएटर एवढंच पुरायचं. नवरा यतीन अगदी उलटा. पायाला भिंगरी लावून जन्मलेला. शनिवार उजाडला की स्वारी हायलँड्सच्या डोंगरांच्या वाटेला लागायची आणि संध्याकाळी चिखलाने माखून परत यायची.

मग यतीनच्या डोळ्यांनी दगा दिला. आजार रेटिनाचा, घराण्यातूनच आलेला. आधी अंधारात दिसेनासं झालं, मग कडांनी जग झाकोळत आलं आणि उरलं समोरचं थोडंसं, तेही धुरकट. गाडी चालवणं सुटलं, ऑफिस सुटलं. अमेरिकेत युटाच्या वाळवंटातल्या लाल दऱ्या एकदा बघायच्या, असं तो कॉलेजपासून म्हणायचा. आता मात्र, बघण्याचेच वांधे तिथे दऱ्या कुठल्या, असं म्हणून त्याने तो विषय मिटवला आणि सोफ्याचा कोपरा धरला.

उल्काने हिवाळाभर हे सोसलं. एका रविवारी तिने त्याचे बूट आणून त्याच्या पायांशी ठेवले.

"ऊठ. मी पुढे चालते, तू माझ्या सॅकचा पट्टा धर."

"तुला जिना चढताना धाप लागते, उल्का."

"लागू दे."

पहिल्या खेपेला नुसती फजिती झाली. यतीन ठेचकाळल्यावर ती "दगड आहे" म्हणायची. अर्ध्या टेकडीवरून दोघं भिजलेल्या कपड्यांनी भांडत परतले. पण पुढच्या रविवारी ती पुन्हा निघाली. हळूहळू तिला समजलं की आधी सांगायचं आणि थोडक्यात सांगायचं. पायरी वर. डावीकडे चिखल. डोकं सांभाळ, फांदी आहे. उन्हाळा सरेपर्यंत दोघं लॉक लोमंड तळ्याच्या काठची टेकडी न भांडता चढून आले. त्याच आठवड्यात तिने त्याला न विचारता युटाची तिकिटं काढली.

तिथे एका स्थानिक गाइडबरोबर चारपाच जणांचा गट निघाला. आधी कोरडं, रुंद नदीपात्र होतं आणि डोक्यावर रणरणतं ऊन. मग दोन्ही बाजूंचे कडे जवळ येत गेले. इतके जवळ, की खांदे घासायला लागले. आभाळाची उरली एक चिंधी. उल्काच्या छातीत धडधडायला लागलं. बाकीचे पुढच्या वळणाआड गेले आणि तिचे पाय जागीच थिजले. आपल्याला हे जमणार नाही, परत जाऊ या, असं ती कशीबशी म्हणाली.

यतीनने दोन्ही तळवे दोन भिंतींना टेकवले होते. तो शांतपणे म्हणाला, "इथे मला वाट कळतेय गं. दोन्ही हातांना लागतेय. आता मी पुढे होतो, तू पट्टा धर."

तिने डोळे मिटून पट्टा धरला. तो सांगत गेला. दगडाला लाटा आहेत, पाण्याने कोरलेल्या. आता गार लागतंय, ऊन इथवर पोचत नसणार. पाऊल खाली, वाळू मऊ आहे. त्याच्या आवाजामागे ती चालत राहिली. चालता चालता छातीतली धडधड कधी ओसरली ते तिला कळलंही नाही.

पुढे दरी जराशी उघडली तेव्हा तो थांबला. "आता रंग सांग."

"लाल," ती म्हणाली. तेवढ्यावर तो ऐकेना. तेव्हा तिने मान वर करून नीट पाहिलं. तळाशी जास्वंदीचा लाल, त्याच्यावर भाजलेल्या नाचणीच्या भाकरीचा, आणि अगदी वर, जिथे ऊन पडलंय तिथे, केशर घातलेल्या दुधाचा. इतका वेळ तिने आजवर कशाकडेच पाहिलं नव्हतं. यतीन भिंतीला पाठ टेकवून ऐकत होता, आणि आजार सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा पूर्ण सैलावला होता.

परतल्यावर दोघं दृष्टिहीनांना टेकड्यांवर नेणाऱ्या ग्लासगोतल्या एका गटात सामील झाले. गेल्या महिन्यात उल्काने एका निवृत्त शिक्षिकेला हाताला धरून टेकडीवर नेलं. यतीन सर्दीने घरी झोपला होता. हवाही काही बरी नव्हती, तरी उल्का गेली.