बक्षीस मॅडमचं, तुकडा शेवंतेचा

‘गाठ चांगली नाही,’ यवतमाळचे डॉक्टर म्हणाले. शेवंता, माही बायको, खुर्चीत ताठ बसली होती. ती म्हणाली, ‘गाठ कधी चांगली असते का जी?’ डॉक्टर हसले नाहीत. तेव्हा आम्हाले समजलं.

आठ महिने तिनं ती गाठ लुगड्याखाली लपवली होती. डाव्या छातीत, बोराएवढी. वेचणीच्या कापसाची ओटी बांधून बांधून गोळा आला असंल, असं तिनं धरलं. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणून साधी, असं नसते, हे मी ठोकून सांगतो. ज्या बाईच्या हाताले अशी गाठ लागंल तिनं लाज सोडावी अन् त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा. नवऱ्यानं डोळे उघडे ठेवावे. मी ठेवले नाही.

यवतमाळहून नागपूरच्या मोठ्या कॅन्सर दवाखान्यात पाठवलं. तिथं बायोप्सी केली. बायोप्सी म्हणजे जाड सुईनं गाठीचा बारकासा तुकडा काढतात अन् तपासतात. मग पेट स्कॅन. त्यात सुईतून औषध देतात, अन् अंगात बिमारी जिथं जिथं असंल तिथं मशीनमध्ये उजेड दिसते. शेवंतेच्या यकृतात उजेड होता, पाठीच्या मणक्यात होता.

‘मेटास्टॅसिस आहे,’ नागपूरचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे बिमारी पसरली. गाजरगवताचं बी उडते अन् धुऱ्यापल्याड, शेजारच्या वावरात उगवते, तसं. ऑपरेशनची वेळ गेली होती. ‘बरं होणार नाही. पण काही काळ थोपवता येईल,’ ते म्हणाले. हे त्याईनं शेवंतेसमोर सांगतलं. मले राग आला. तिले नाही आला. ‘बरं झालं सांगतलं, नाही तर तुम्ही मले येडी समजून गोड बोलत बसले असते,’ ती म्हणाली.

कीमो सुरू झाली. कीमो म्हणजे सलाईनीतून द्यायचं जहाल औषध. ते वाढत्या पेशी मारते, मग त्या चांगल्या असो का वाईट. म्हणून केस जातात. शेवंतेचे गेले तेव्हा डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, ‘उवांची कटकट मिटली.’

दुसऱ्या खेपेले मी चहा आणाले खाली गेलतो. वर आलो तर एक मॅडम तिच्याजवळ बसून बोलून राह्यली होती. प्रयोगशाळेतली डॉक्टर, पांढरा कोट. शेवंतेनं एका कागदावर सही केली. सही ती बचत गटात शिकली होती, मोठ्ठी करायची.

‘कायची सही?’ मी विचारलं.

‘सुईनं काढलेला तुकडा थोडा उरला हाय म्हणे. तो ठेवतात, त्याच्यावर अभ्यास करतात.’

‘अन् मले न इचारता?’

‘माह्या छातीतला हाय तो. तुमच्या नाही.’

ती गोष्ट तिथंच राह्यली.

पहिलं औषध सहा-सात महिने चाललं. पाठीचं दुखणं गेलं, ती वावरात जाऊन आली, हुरडा खाल्ला. मग गाठ पुन्हा वाढली. दुसरं औषध दिलं. त्यानं तोंड आतून सोलून निघालं. पाणी पेताना ती डोळे मिटून घ्यायची. तीन वेळा दिलं, अन् तपासलं तर काडीचा फरक नाही. तूर कापणीले आली तेव्हा ती गेली. घरी, आपल्या खाटेवर.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. तिचा मोठा भाऊ सोपानराव दिग्रसहून आला होता. मडक्यात अस्थी भरताना त्याच्या डोक्यात काय आलं कोण जाणे.

‘जवाईबुवा, बहीण पुरी नाही जळली माही,’ तो म्हणाला.

‘म्हणजे?’

‘तिचा तुकडा नागपुरात कपाटात पडून हाय ना? तिनंच मले फोनवर सांगतलं होतं. अंगाचा तुकडा मांग ठेवून माणूस कसं सुटंल? वर्षश्राद्धाच्या आत आणा अन् नदीत सोडा.’

आमच्याकडे अस्थी निवडताना बोटाचं हाडसुद्धा सुटू देत नाहीत. त्याचं म्हणणं मले खोटं वाटलं नाही. रोज मनात तेच. शेवंता दारात उभी हाय अन् तिले आतही येता येत नाही, बाहेरही जाता येत नाही, असं वाटे. गावातल्या मास्तराकडून अर्ज लिहून घेतला, मृत्यूचा दाखला जोडला अन् नागपूरच्या बसमध्ये बसलो.

प्रयोगशाळेच्या मजल्यावर गेलो तर तिथं गर्दी. फुलं, पेढे, टाळ्या. त्याच मॅडमले कॅन्सरच्या संशोधनाचं मोठं बक्षीस भेटलं होतं. कुणीतरी माह्या हातात पेढा ठेवला. मी तो धरून बाकड्यावर बसलो.

बसल्या बसल्या माह्या डोक्यात किडा वळवळला. बक्षीस कायचं? बिमारी तर संपली नाही. खालच्या मजल्यावर बाया रांगेत बसल्या आहेत, माही तर गेली. शर्यत जिंकल्याशिवाय बक्षीस कोण देते?

गर्दी पांगली. मॅडमनं मले ओळखलं नाही, पण शेवंतेचं नाव सांगतलं अन् चेहरा बदलला. ‘मोठी सही करणाऱ्या आजी,’ त्या म्हणाल्या. मी अर्ज दिला. त्याईनं वाचला.

‘देता येतो, बाबा. तुमचा हक्क आहे. ब्लॉक शोधायला थोडा वेळ लागेल, बसा.’ ब्लॉक म्हणजे मेणाचा चौकोनी ठोकळा. तुकडा मेणात बसवून ठेवला की वर्षानुवर्षं खराब होत नाही.

बसलो अन् विचारून टाकलं. ‘मॅडम, राग मानू नका. हे बक्षीस तुम्हाले काहून भेटलं? कॅन्सर तर आहे तिथंच आहे.’

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘बक्षीस आजार संपवल्याचं नाही. एका प्रश्नाचं थोडं उत्तर सापडलं, त्याचं आहे. कोणत्या गाठीवर कोणतं औषध चालणार नाही, हे आधीच ओळखता येईल का, हा तो प्रश्न.’

‘म्हणजे औषध शोधल्याचं नाही? कोणाले देऊ नये, त्याचं बक्षीस?’

‘तसंच म्हणा.’

मले शेवंतेचं सोललेलं तोंड दिसलं. ‘ते दुसरं औषध तिले द्याले नव्हतं पायजे, हे त्या तुकड्यात लिहिलं होतं का?’

मॅडम म्हणाल्या, ‘बहुतेक होतं. तेव्हा आम्हाला वाचता येत नव्हतं. आता थोडं येतं. ते शिकलो अशाच तुकड्यांवरून. त्यांत आजींचाही होता.’

मी म्हणालो, ‘शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, बक्षीस धुरकऱ्याले भेटते. जोडी हाकलते म्हणून. पण धावते कोण? बैल. त्याईले निदान खायाले सरकीची ढेप भेटते. माह्या बायकोले काय भेटलं?’

‘काही नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘मी त्यांना तसं सांगूनच सही घेतली होती. त्यांनी विचारलं होतं, पुढच्या बाईले तरी उपयोग होईल का? मी म्हटलं, खात्री नाही. तरी त्यांनी सही केली.’

हे मले कोणी सांगतलं नव्हतं. मी तेव्हा चहा आणाले गेलतो.

ब्लॉक आला. सुपारीच्या डबीएवढा, मधोमध जवारीच्या दाण्याएवढा डाग. नाव नाही, नंबर. हातात घेतला तर वजनच नाही. एवढ्याशानं माहं घर रिकामं केलं.

‘पाहायचंय?’ मॅडमनं विचारलं. याच तुकड्याची पातळ चकती काचेवर होती. ती त्याईनं मायक्रोस्कोपखाली लावली. मी डोळा टेकवला. आधी नुसता धूर. त्याईनं काही फिरवलं अन् सगळं उजळलं. गुलाबी वावर अन् त्यात जांभळे ठिपके.

‘वाईट कोणते?’

‘डावीकडे पाहा.’

उजवीकडे ठिपके ओळीत होते, पाभरीनं पेरल्यासारखे. डावीकडे मूठभर बी फेकून मारल्यासारखी दाटी. वर्षभर ज्याच्याशी भांडलो, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाह्यलं. किती वेळ पाह्यलं माहीत नाही. अजून काय काय आहे, विचारत राह्यलो. हे एवढं जांभळं काहून? हे दोघं चिकटून काहून? मॅडम सांगत राह्यल्या. दोन ठिकाणी म्हणाल्या, ‘हे आम्हालाही अजून माहीत नाही.’

उठताना मी अर्ज परत मागितला. घडी करून खिशात घातला. ब्लॉक टेबलावरच ठेवला. पेढा तेवढा बसमध्ये खाल्ला.

तुमच्या माणसाचा असा तुकडा कोणी मागितला, तर आधी विचारा, त्याचं काय करणार. वाटलं तर द्या, नाही तर देऊ नका, कोणी जबरदस्ती करत नाही. पण दिला तर एकदा जाऊन पाहून या. त्या मॅडमनं मले पाहू दिलं, अन् येत नाही ते येत नाही म्हणून सांगतलं. त्याईचे उपकार मी विसरणार नाही. पहिल्या औषधानं दिलेल्या हुरड्याच्या दिवसांचेही नाही.

वर्षश्राद्धाले सोपानराव आला. चपला काढायच्या आत त्यानं विचारलं, ‘आणला?’

‘नाही.’

‘काहून?’

‘पाहून आलो त्याले. पण तिनं आपल्या हातानं दिला हाय. मी कोण वापस घेणारा?’

त्याचं तोंड लाल झालं. पान वाढलं तरी तो जेवाले बसला नाही. अंगणात लिंबाखाली पाठ करून बसला. सगळे जेवून गेले. मी त्याचं ताट घेऊन बाहेर गेलो अन् समोर ठेवलं. त्यानं हात लावला नाही. मग माह्याकडे न पाहता हळूच म्हणाला, ‘तुम्ही पाह्यला म्हणता. कसा दिसते तो?’

मी त्याच्या बाजूले खाली बसलो. अन् मातीत बोटानं ठिपके काढून दाखवाले लागलो.