दाराजवळचं ताट

मेसच्या काकूंनी माझ्या हातातलं भाकरीचं टोपलं काढून घेतलं. पदर मध्ये धरून घेतलं. टोपल्याला माझे हात लागले होते म्हणून.

दुपारची वेळ होती. लातूरला क्लाससाठी राहणाऱ्या पोरींची ती मेस. पोरी ताटं घेऊन रांगेत उभ्या होत्या. उदगीरकडचे एक गृहस्थ आपल्या मुलीला मेस लावून द्यायला आले होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्यांनी आधी पाण्याची टाकी बघितली, मग स्वयंपाकघर बघितलं, आणि मग ते माझ्यासमोर येऊन थांबले. माझे गाल लालभडक. नाकावर पुळ्या. हनुवटीवरचं कातडं सोललेलं. त्यांनी मुलीचा दंड धरून तिला मागं घेतलं आणि काकूंना हळू आवाजात विचारलं, या बाईला काय झालंय, आणि भाकरी हीच करते का? हळू म्हणजे मला नीट ऐकू येईल एवढंच हळू.

भाकरी मीच करत होते. सकाळपासून थापलेल्या सगळ्या माझ्याच हातच्या.

काकूंनी ते टोपलं खरकट्याच्या बादलीत पालथं केलं. भाकरीची वाफसुद्धा गेली नव्हती. मग सगळ्या पोरींसमोर म्हणाल्या, "हे तोंड घेऊन पुढं येऊ नको म्हणून किती बार सांगितलं तुला? पोरींच्या घशाखाली घास उतरंना झालाय."

मी म्हणाले, "चुकलं काकू."

एवढंच. आजही तो दिवस आठवला की काकूंचा राग नंतर येतो. आधी माझ्या या दोन शब्दांची लाज वाटते. काय चुकलं होतं माझं? मी माझ्याच तोंडाची माफी मागितली. आणि मान खाली घालून पुन्हा पीठ मळायला बसले, कारण भाकरी कमी पडणार होत्या.

तोंड असं जन्मापासून नव्हतं. मी किनवटकडची. रंगानं सावळी. होस्टेलला राहून बारावी केली आणि लग्न होऊन लातूरला आले. नवरा मोंढ्यात हमाली करतो. मी मेसवर भाकरीला लागले. रोजची सकाळ भट्टीच्या जाळासमोर जायची. सुरुवातीला गाल तापायचे आणि घरी जाईपर्यंत उतरायचे. पुढं उतरेनासे झाले. तिखट खाल्लं की आग, चहा घेतला की आग. उन्हातून आले की कुणी थोबाडीत दिल्यासारखे गाल. मेसवरच्या बाया चेष्टा करायच्या, आज नवऱ्यानं मारलं का लाड केला? मीही हसायचे.

मग उपाय सुरू झाले. माझं तोंड बघितलं की ज्याला त्याला एक उपाय आठवायचा. हळद, लिंबू, बेसन, कोरफड. कुणीतरी टूथपेस्ट सांगितली, तीही लावली. सगळं घासघासून लावलं. शेवटी जावेनं मेडिकलवरून एक ट्यूब आणून दिली आणि म्हणाली, ही लाव, तोंड उजळतंय. खरंच उजळलं. आठवडाभरात लाली गेली आणि वर मी गोरी दिसायला लागले. खोटं कशाला सांगू, मला ते लई आवडलं. आरशापुढून हलवत नव्हतं. लाली जायला हवी होती हे खरं, पण गोरं व्हायची हाव त्याहून मोठी होती. त्या हावेपायी वर्षभर ती ट्यूब फासत राहिले. एक दिवस सुटली की दुप्पट भडका उडायचा. मेडिकलवाल्याला विचारलं तर म्हणाला, लावत राहा. कातडं कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ झालं. साधं पाणी लागलं तरी झोंबायचं.

भाकरी फेकल्या त्या दिवसापासून काकूंनी मला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं. वर तापलेला पत्रा, समोर भट्टी, तोंडाला घट्ट स्कार्फ. यानंच तोंड आणखी बिघडतं हे मला माहीत नव्हतं, काकूंनाही नसेल. माझं ताट आणि पेला खिडकीत वेगळा ठेवला. जेवण दुरून वाढायचं. काकू काही वाईट बाई नव्हत्या, हे सगळेच सांगतील. सोमवार धरायच्या. दारात आलेल्याला उपाशी पाठवायच्या नाहीत. मीही त्यांना बरंच मानत होते, कारण त्यांनी कामावरून काढलं नव्हतं.

त्यांनी केलं ते एवढंच. पुढचं मी केलं.

एकदा त्या सहज म्हणाल्या होत्या, "घरी लेकरू हाय नव्हं तुला? जपून ऱ्हा. असलं लागतंय." मी ते मनावर घेतलं. घरी माझं ताट वेगळं केलं. टॉवेल वेगळा, पेला वेगळा, अंथरूण वेगळं. दाराजवळ पोतं टाकून एकटी जेवायला लागले. आरू, माझी मुलगी, नुकती शाळेत जायला लागली होती. ती गळ्यात पडायला आली की मी हात पुढं करून तिला लांबच अडवायचे. पापा घ्यायला तोंड पुढं केलं की मी तोंड फिरवायचे. एकदा ती माझ्या पेल्यानं पाणी प्याली. मी तिच्या पाठीत धपाटा घातला, ओढत मोरीवर नेली आणि तिचे ओठ साबणानं घासले. ती रडली नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली. नवरा समोर होता. त्यालाही ते शहाणपणाचंच वाटलं असणार.

मध्ये माझी माय किनवटहून आली. आली ती बघते तर मी दाराजवळ पोत्यावर.

"अशी कामून जेवून राहिली व बाई?"

मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, उठून माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्या ताटातला घास उचलून तोंडात घातला. मी तिच्यावर ओरडले. म्हातारपणी तोंड सडवून घ्यायचंय का म्हणून विचारलं. माय चावत राहिली.

आमच्या गावात हॉटेलबाहेर आमच्या लोकांसाठी एक वेगळा कप टांगलेला असायचा. कान तुटलेला. मी लहानपणी पाहिलाय तो. मायनं तो कधी हातात धरला नाही. ती त्यासाठी भांडली नाही, बोललीही नाही. तिनं चहाच सोडला. रोजानं जाऊन थकून आली तरी नाही, पाहुण्यांच्या घरी नाही, माझ्या घरीही नाही. मी हे लोकांना अभिमानानं सांगायचे, माझी माय अशी आहे म्हणून.

घास गिळून ती म्हणाली, "तो कप दुसऱ्यानं टांगला व्हता बाई. तू तं सोताच टांगून घेतला."

मी चिडले. ते वेगळं होतं, हा रोग आहे, तुला काय कळतंय, असं बोलले. ज्या मायनं निंदण-खुरपण करून मला शिकवलं तिला मी असं बोलले. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेली. माझं ताट दाराजवळच राहिलं. तेव्हा ऐकलं असतं तर पुढचं टळलं असतं.

शाळेला सुट्ट्या लागायच्या आधीचे उन्हाळ्याचे दिवस होते. आरू दुपारी उन्हातून घरी आली. गाल लाल झालेले, लेकरांचे होतात तसे. मी भात वाढत होते. तिनं दप्तर ठेवलं, आरशात बघितलं, बराच वेळ बघितलं. मग मांडणीवरून एक ताट काढलं आणि दाराच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. मी उठले तशी तिनं हात पुढं करून मला अडवलं. मी तिला अडवायचे अगदी तसं.

"जवळ येऊ नको मम्मी. मला पण झालंय."

मी खाली बसले. माझ्या भाकरी खरकट्यात गेल्या तेव्हा एवढं लागलं नव्हतं. मला माझी किळस आली. एवढंसं लेकरू, आपण होऊन ताट उचलून बाहेरच्या बाजूला बसलं होतं, आणि हे त्याला दुसऱ्या कुणी शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेस बुडवली आणि तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. चामडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आरूचे गाल बघितले आणि म्हणाल्या, ऊन लागलंय, टोपी घालत जा. मग माझ्याकडं वळल्या. मी सवयीनं मागं सरकले, हात लावू नका म्हणाले. त्यांनी माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं केलं आणि गालावरून बोटं फिरवली. किती दिवसांनी माझ्या तोंडाला दुसऱ्या माणसाचा हात लागला होता.

याला रोझेशिया म्हणतात, त्यांनी सांगितलं. तोंडाच्या बारीक रक्तवाहिन्या चटकन फुलतात, कातडं हळवं होतं. ऊन, जाळ, तिखट, गरम चहा, यानं भडकतं. ते त्या ट्यूबनं पार बिघडवलं होतं. ती स्टेरॉइडची ट्यूब होती, गोरं व्हायला लावायची नव्हतीच. मग त्या आरूकडं बघत म्हणाल्या, "आणि हे लागत नाही. कुणालाच नाही."

मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला तो धपाटा आठवला. साबणानं घासलेले ओठ आठवले. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, काम काय करता. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, जाळापासून लांब राहा. मला हसू आलं. लातूरच्या उन्हाळ्यात भाकरी थापणाऱ्या बाईनं जाळापासून लांब राहायचं. त्याही हसल्या आणि म्हणाल्या, जमेल तेवढं.

ट्यूब बंद केली आणि तोंड पेटलं. आधी वाढेल हे त्यांनी सांगितलंच होतं, तरी भीती वाटली. डोळे बारीक होण्याइतकं सुजलं. लिहून दिलेल्या गोळ्या घेतल्या, मलम लावलं. घासणं कायमचं बंद केलं. साध्या पाण्यानं तोंड धुवायचं, मऊ सुती फडक्यानं टिपायचं, वर बिनवासाची क्रीम. उन्हात जायचं तर उन्हाची वेगळी क्रीम आणि छत्री. ठेचा सोडताना जीव जात होता, तरी सोडला. चहा निववून प्यायला लागले. पावसाळा सरता सरता नवं कातडं धरायला लागलं. लाली आहे, ती राहणार आहे. पण पाणी झोंबत नाही.

तोंड सुधारत होतं. आरू सुधारत नव्हती. मी ताट आत आणून तिच्याशेजारी बसले की ती जरा सरकायची. मी तिची वेणी घातली की ती मान फ्रॉकला पुसायची. मी म्हणायचे, लागत नाही गं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ना? ती हो म्हणायची आणि पेला विसळून घ्यायची. यावर कुठलं मलम नव्हतं.

मग एक दिवस मी मेसवर जाऊन स्कार्फ सोडला. शेडमध्ये गेले नाही. आतल्या भट्टीवर, जिथं खिडकी आहे आणि पंखा आहे, तिथं बसून भाकरी केल्या. टोपलं घेऊन रांगेपुढं उभी राहिले. काकू आल्या. मी सांगितलं, दवाखान्यात दाखवलंय, हे लागत नाही.

"मग डॉक्टरचा कागद आण की. भिंतीला लावते. कुणी काय म्हणायचं न्हाई."

कागद माझ्या पिशवीतच होता. हात पिशवीकडं गेलासुद्धा. एवढ्यावर सगळं मिटत होतं. पण मला ती भिंत दिसली. वर कागद, खाली मी. येणारा प्रत्येक बाप आधी कागद वाचणार, मग माझं तोंड बघणार. उद्या भांडी घासणाऱ्या बाईच्या हातावर कोड उठलं तर तिलाही कागद लागणार. जिला कागद मिळणार नाही ती शेडमध्ये जाणार. आणि माझ्या मायनं कुठल्या डॉक्टरचा कागद आणायचा होता?

मी म्हणाले, "कागद न्हाई लावणार काकू. माझ्या हातची भाकरी चालतीय तर तोंडबी चालंल."

त्या म्हणाल्या, मग उद्यापासून येऊ नको. मी म्हणाले, येत नाही, पण त्या दिवशी माझ्या भाकरी खरकट्यात टाकल्या तेव्हा माझं काय चुकलं होतं ते सांगा. त्यांनी टेबल पुसायला घेतलं. मी थांबले, तरी पुसतच राहिल्या. पोरी आपापल्या ताटात बघत उभ्या होत्या. त्यातली एक पुढं आली, असं सांगायला मलाही बरं वाटलं असतं. कुणी आली नाही. मी टोपलं टेबलावर ठेवलं आणि निघाले.

आता मी घरीच ओट्यावर भाकरी करून विकते. दार उघडं आणि तोंडही उघडं. कुणी घेऊन जातात, कुणी तोंड बघून परत फिरतात. हे लागतं का, असं कुणी विचारलं तर लागत नाही असं मी सांगत नाही. विचारते, लागत असतं तर काय केलं असतं?

आरू आता माझ्याशेजारी बसून जेवते. माझ्या ताटात हात घालत नाही. मी ओढत नाही तिला. काकूंना जाब विचारून झाला, माझा जाब राहिलाय. ती मोठी होईल आणि विचारील, मला लांब का बसवलं. तेव्हा मी काकूंचं नाव पुढं करणार नाही, रोगाचं नाही, अडाणीपणाचं तर नाहीच, बारावी शिकलेली आहे मी. सांगणार, ते ताट मी मांडलं होतं. आणि हेही सांगणार, की तुझ्यापुढं कुणीही वेगळं ताट मांडलं तर ते उचल आणि मांडणाऱ्याच्या तोंडावर फेक. मांडणारी मी असले तरी.