बकरीचा पाला

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला शहरी जीवनावर लिहायला शिकवणारा एक पेपर होता. कॉलेज अमरावतीचं, मी अकोल्याच्या भाजीवालीची पोरगी. पहिल्या निबंधात झाडून साऱ्या वर्गानं मुंबई लिहिली. मीही लिहिली. माझ्या निबंधात बाराव्या मजल्यावर एक बाई खिडकीशी बसून एकटीच कॉफी पीत होती. मी तोवर लिफ्टमध्ये पाय ठेवला नव्हता आणि कॉफी फक्त लग्नाकार्यात प्यायले होते.

मॅडम रागावल्या नाहीत. "बाई बरी आहे, पण हिच्या घरी भाजी कोण आणून देतं?" एवढंच त्यांनी मला विचारलं. वर्ग हसला. मला ते झोंबलं, कारण भाजी कुठून येते हे त्या वर्गात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

आई सकाळी हर्रासातून, म्हणजे लिलावातून माल उचलते, दिवसभर बाजारात बसते आणि घरी येऊन पाय धुतले की बोलायला लागते. कोणत्या सुनेनं सासूदेखत वांगी परत केली, कोण रोज फुकटचा सांभार, म्हणजे कोथिंबीर मागतं आणि वर नाकही मुरडतं. मी होस्टेलवर गेल्यावर हे सगळं फोनवर सुरू राहिलं. मी हं हं करत ऐकायचे आणि अर्धं लक्ष दुसरीकडे असायचं. मॅडमच्या त्या प्रश्नानंतर मात्र मी फोन आला की वही उघडून बसू लागले. आईला हे सांगितलं नाही.

त्या फोनमध्ये एक काकू यायच्या. बाजारात दिवसअखेर कोबीचा वरचा पाला, पिवळी पडलेली पानं असं बाजूला काढलेलं असतं. बकऱ्या पाळणारे ते घेऊन जातात, त्याचे पैसे कुणी मागत नाही. काकूही तो न्यायला यायच्या. एकट्या, शिकलेल्या, सुती पातळाला कडक इस्त्री. "बकरीसाठी थोडा पाला हवा होता," म्हणायच्या. त्यांच्याकडे बकरी नव्हती. आईला ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. ती पाल्याखाली पालकाची एक चांगली जुडी, दोन गाजरं सरकवायची आणि पिशवी भरून द्यायची. "कशी हाये बकरी?" आई विचारायची. "बरी आहे," काकू म्हणायच्या. दोन वर्षं दोघींनी ती बकरी अशी पोसली.

मी ते लिहिलं. बाजाराचं गाव बदललं, काकूंच्या निळ्या पिशवीची हिरवी केली. बकरी तेवढी तशीच ठेवली, कारण बकरीशिवाय निबंधात होतं काय? मॅडमनी तो वर्गात वाचला. या वेळी कुणी हसलं नाही. वार्षिक अंकात माझ्या फोटोसकट छापून आला. मी इतकी फुगले होते की विचारू नका.

सुट्टीत एका दिवसासाठी अंक घेऊन घरी गेले. आईला वाचता येत नाही. तिनं हात पदराला पुसून फोटोवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "वाचून दाखव न."

"पुढच्या खेपेला दाखवते, आता गाडी निघून जाईल," मी म्हटलं. अमरावतीला काय एकच गाडी जाते? खरं म्हणजे मला संकोच वाटला. तिचंच बोलणं तिला वाचून दाखवायचं आणि वर हे मी लिहिलं म्हणायचं! ती दहा मिनिटं मी काढायला हवी होती. आजही त्या गोष्टीसाठी मला माझी चीड येते.

आईनं अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाजारात नेला. आसपास सावकाश, स्पष्ट वाचू शकणारं तिच्या ओळखीचं एकच माणूस होतं. संध्याकाळी काकू आल्या तशी तिनं त्यांना उलट्या क्रेटवर बसवलं आणि अंक हातात दिला. "काकू, माह्या पोरीनं लिवलं. वाचून दाखवा."

पुढचं आईनं मला फोनवर सांगितलं. काकू छान वाचत होत्या, आई खूश होती. मग बकरी आली. "मी म्हटलं, राहू द्या काकू. त्याइनं आयकलंच नाही व. शेवटवरी वाचलं." वाचून झाल्यावर काकूंनी अंक मिटून आईच्या हातात ठेवला. "चांगलं लिहिते तुमची पोरगी," म्हणाल्या आणि रिकामी पिशवी घेऊन निघून गेल्या.

"पण मी नाव कुठं लिहिलं होतं?" मी म्हटलं. यापेक्षा मूर्ख वाक्य मी आयुष्यात बोलले नसेन.

"बकरी तं लिवली न," आई म्हणाली. "मी भाजी इकतो. कोनाची लाज नाही इकत." आणि तिनं फोन ठेवला.

आठवडाभर ती पालकाची जुडी बाजूला काढत राहिली. मग स्वतःच पाला घेऊन काकूंच्या घरी गेली. दार अर्धवट उघडलं. "बकरी विकली हो आम्ही," काकू म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

पेपरात मी पहिली आले. काय करू त्याचं?

आईचा फोन अजूनही रोज येतो. जेवली का, हो, ठेवतो. एवढंच. मागच्या महिन्यात घरी गेले तेव्हा ती ओट्यावर शेजारणीला बाजारातलं काहीतरी रंगवून सांगत होती, दोघी हसून हसून बेजार. मी जाऊन बसले आणि ती गप्प झाली. मेथी ओढून निवडायला लागली. शेजारीण उठून गेली.

"सांग ना आई, काय झालं पुढं?" मी म्हटलं. "मी नाही लिहिणार. शप्पथ."

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते.

"लिवशील व माय," ती म्हणाली. "तुले ते येते आता."

हे मी तिला न विचारताच लिहिलं आहे.