एक्कावन्न रुपयांची कोंबडी

माझे अक्षर वेडेवाकडे आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला जमत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. प्रभूने केलेली कृपा मनातच राहून जाऊ नये, म्हणून लिहिते.

यवतमाळला आमचा कापसाचा व्यापार चांगला चालला होता. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, पण हातातल्या पाटल्या माझ्यासाठी बोलत. हंगामाच्या सणाला आमच्या चर्चमध्ये लोक आपल्या पिकातले, घरातले काही आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. पैसे नाताळापर्यंत द्यायचे. त्या वर्षी सारजाबाई नावाच्या विधवेने आपली एकुलती तांबडी कोंबडी आणली. बोली चार रुपयांवर अडकली होती. मी पाटल्यांचा हात वर केला आणि एक्कावन्न म्हणाले. गरीब विधवेची दमडी श्रीमंतांच्या दानाहून मोठी, हा बायबलातला धडा लहानपणापासून ऐकलेला, तरी सगळे वळून पाहू लागले तेव्हा मला गोड वाटले. कोंबडी हातात देताना सारजाबाई हळूच म्हणाली, "वो बाई, एक्कावन्न म्हन्ता, पन इच्या पायात चांदीच्या तोरड्या नाहीत, पाहून घ्या."

नाताळाआधीच आमच्या कापसाच्या गंजीला आग लागली. देणेकऱ्यांपायी पाटल्या गेल्या, कोंबडी उरली. आमचे मालक म्हणाले, "एक्कावन्न रुपयांची कोंबडी कापाची हिंमत कोनाची?" पैसे देता येईनात, म्हणून लाजेने मी चर्चला जाणे सोडले. घरात प्रार्थना करी, पण मन भरत नसे. एका रविवारी म्हटले, प्रभू, माझ्याने येववत नाही, तूच ने. डोळे पुसते तोच दारात सारजाबाई, पदरात ज्वारी घेऊन.

"उपासनेले काहून येऊन नाही राह्यल्या?"

"पैसे दिले नाहीत. कोणत्या तोंडानं येऊ?"

"पैसे देवाचे. त्याले घाई नाही. कोंबडी खुडूक झाली तुमची, तिच्याखाली अंडे बसवा. कोंबडीच फेडते का नाही, पाहा. अन् चाला आता, घंटा झाली."

पदरातली ज्वारी माझ्या सुपात ओतून तिने माझा रिकामा हात धरला. मागच्या चटईवर तिच्याजवळ बसले, तेव्हा कितीतरी दिवसांनी गाणे तोंडून निघाले. देण्याचा तोरा मला होता. घ्यायला मात्र त्या दिवशी शिकले, आणि घेतल्यावरच हलकी झाले.

अंडी विकली, पिल्ले वाढवून विकली. जमेल तसे पैसे चर्चच्या पाळकसाहेबांकडे नेऊन देत गेले. दुसऱ्या हंगामाच्या सणाला उरलेले तीन रुपये थाळीत ठेवले आणि एक्कावन्न पुरे झाले. कोणी वळून पाहिले नाही. तेही मला गोडच वाटले.