आप्पांच्या ताटातला पहिला घास

आमचे आप्पा कुठल्याही दारात थांबत. दार सताड उघडं असलं, आत चिटपाखरू नसलं, तरी उंबऱ्याच्या अलीकडे पाय जुळवून, हात मांड्यांना लावून उभे राहत. आतून कुणी "चल" म्हणालं की मगच पाऊल पडे. "या" म्हणून भागत नसे, "बसा" म्हणून तर नाहीच. आम्हा वडगावकरांना ते सवयीचं झालं होतं. खडेबाजारातल्या एका नव्या दुकानदाराला मात्र माहीत नव्हतं. आप्पा खाटेची नवार विकायला गेले आणि त्याच्या पायरीशी उभे राहिले. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "का हो, पायात काटा मोडलाय का?" आप्पा म्हणाले, "न्हाय, मालक. तुमी चल म्हणा, म्हंजे झालं."

ही तुरुंगातली सवय. आप्पा माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. माझ्या वडिलांचा जीव त्यांनीच घेतला होता. एवढं एक वाक्य लिहायला मला पन्नाशी जवळ यावी लागली. गल्लीत सगळ्यांनाच ते ठाऊक होतं, पण माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही.

आम्ही विणकर. जत्रेत देवीला नेसवायचं लुगडं दर वर्षी वेगळ्या घरी विणलं जाई. आमच्या घराची पाळी आली त्या वर्षी ते कुणाच्या मागावर लागायचं यावरून दोघा भावांची जुंपली. वडील काहीतरी लागट बोलले असावेत. आप्पा डावरे होते. त्यांनी डाव्या हातानं मागाचा जड दांडा उचलला आणि एकदाच मारला. दिवेलागणीपर्यंत सगळं संपलं. मी तेव्हा पाळण्यात होतो. कोर्टात आईनं पाहिलं तसं सांगितलं, आणि आप्पांनी "बाई खरं बोलतीया" एवढंच म्हटलं. त्यांना जन्मठेप झाली.

मला मिसरूड फुटलं तेव्हा ते सुटून आले. निपाणीचे मामा त्या दिवशी आमच्याकडे होते. तंबाखूच्या वखारीत दिवाणजी असलेले, आवाजाचे मोठे. भर दुपारी दारासमोर एक पांढऱ्या दाढीचा माणूस येऊन उभा राहिला. हलेना, बोलेना. मामांनी ओळखलं. "बघ रं शिवा, तुझ्या बापाचा काळ आलाय दारात!" असं ओरडून ते खुंटीवरची काठी काढायला धावले. तेवढ्यात आई पदर डोक्यावर ओढून चुलीपासून उठली. दाराशी गेली, आणि खाली बघत म्हणाली, "चला, भावजी."

 मामा काठी हातात तशीच धरून राहिले. "आक्का, डोकं फिरलं व्हय गं तुझं? कुणाला आत घेतीस?"

"ज्याचं घर हाय त्याला," आई म्हणाली. "अर्धं घर त्यांचं हाय. शिक्षा भोगून आलेत. मी काय आता दुसरी देऊ?"

परसातली खोपी तिनं त्यांना दिली. सकाळ-संध्याकाळ मागच्या पायरीवर ताट ठेवी. आप्पा ते उचलून नेत आणि भिंतीकडे तोंड करून जेवत. डावा हात ताटाभोवती वेढलेला, घास उजव्या हातानं, भराभर. मांजर जवळ आलं तरी तो डावा हात आवळे. मी परसदारातून बघत असे. याच हातानं, असं मनात येई. मग तोच हात मांजरापुढे भाताचा गोळा ठेवी. माणूस राक्षस असता तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी चावडीवर हजेरी देऊन आले की ते नवार विणायला बसत. असल्या पट्ट्या विणणं त्यांना तुरुंगात शिकवलं होतं. रेशमी काठाची लुगडी विणणारा हा माणूस खाटेच्या पट्ट्या का विणतो, असं मी एकदा आईला विचारलं. ती म्हणाली, "नवार एकट्याला इनता येती." लुगड्याचं तसं नसतं. त्याच्या उभ्या सुतांचा ताणा गल्लीभर ओढून धरावा लागतो, त्याला चार घरची माणसं लागतात. आप्पांच्या ताण्याला हात लावणार कोण? ते दैवाबाहेर होते.

दैव म्हणजे आमच्या जातीची सभा. दैवाबाहेरच्याला लग्नाचं बोलावणं नाही, पंगतीत पान नाही. कुणाच्या तिरडीला त्यानं खांदा द्यायचा नाही, आणि तो मेला तर त्यालाही कुणी द्यायचा नाही. आप्पा म्हणत, "सरकारनं सोडलं मला. गल्लीनं न्हाय सोडलं." कुरकुर नसे त्यात. आज बाजार आहे, असं सांगावं तसं सांगत.

परत येण्याची वाट एकच होती. जत्रेच्या जेवणात आप्पांचं ताट वाढायचं, आणि ज्या घरचं माणूस गेलं त्या घरच्या कर्त्या पुरुषानं त्यातला पहिला घास उचलून खायचा. तो खाल्ला की झालं. कर्ता पुरुष म्हणजे मी.

पहिल्या जत्रेला आप्पा धुतलेलं धोतर नेसून मांडवाच्या तोंडाशी येऊन थांबले. दैवाचे म्होरके बाळाण्णा म्हणाले, "चल." आप्पा आले, ताटामागे बसले. अख्खी पंगत हात आवरून माझ्याकडे बघू लागली. बाळाण्णांनी मला हाक मारली, "शिवा, ये रं बाळा. घे घास."

मी म्हणालो, "मला भूक नाही."

कुणी जबरदस्ती केली नाही. ती करायची नसते. आप्पा उठले, स्वतःचं ताट स्वतः उचललं आणि चालते झाले. पंगत माझ्याकडे आदरानं बघत होती. बापाचा मुलगा शोभतो, असं कुणीतरी पुटपुटलंही. मी घरी आलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते.

"आई, वाढ."

"का रं? भूक न्हाय म्हणालास न्हवं?" ती चुलीकडे वळलीसुद्धा नाही. "चूल इझलीया. भावजींनी ताट आणलंय मांडवातनं, तसंच हाय पायरीवर. ते खातोस?"

मी उपाशी झोपलो. पुढच्या जत्रेलाही मी तेच बोललो, त्याच्या पुढच्यालाही. इतक्यांदा, की मांडवात पोरं आधीच कुजबुजत, "आता म्हणतोय बघ, भूक नाही." माझं लग्न झालं, मुलं झाली, बाळाण्णांचे दात गेले. आप्पा दर जत्रेला धोतर धुऊन येत, "चल"ची वाट बघत, ताटामागे बसत आणि उठत.

लोकांना वाटे, बापाचं दुःख मोठं आहे. खरं सांगायचं तर बापाचं दुःख मला नव्हतंच. मला त्यांचा चेहराही आठवत नाही. मला ती पंगत आवडत होती. एरवी बाजारात मला कोण विचारत होतं? व्यापारी माझं लुगडं उलटंसुलटं करून नाक मुरडत. पण वर्षातून एकदा सगळं दैव हात आवरून माझ्या तोंडाकडे बघे. एका म्हाताऱ्याचं जगणं-मरणं माझ्या एका घासावर लटकलेलं असे. त्याची चव मला लागली होती. हे उमगलं तेव्हा मी स्वतःच हादरलो, आणि तरी पुढच्या जत्रेला पुन्हा तेच बोललो.

आईनं मला कधीही "घास घे" म्हणून सांगितलं नाही. एकदा मीच तिला टोचून विचारलं, "तुझा नवरा मारला त्यानं. तुला काहीच वाटत नाही?" ती सुताची गुंडी सोडवत होती. म्हणाली, "मला काय वाटतं ते मी कोर्टात सांगून आलते. तुला काय वाटतं ते तू कुठं सांगितलंयस?"

पुढे आई वारली. तिरडी उचलली, आम्ही निघालो. आप्पा मागून, बरंच अंतर ठेवून येत होते. गल्लीच्या टोकाला वेशीची जुनी कमान आहे. मी मडकं धरून पुढे होतो. सहज वळून पाहिलं तर आप्पा कमानीत थांबले होते. पाय जुळवलेले, हात मांड्यांना लावलेले. त्यांना तिथून पुढे "चल" म्हणणारं एकच माणूस होतं, आणि ते तिरडीवर होतं.

मला म्हणता आलं असतं. मी मान वळवली आणि चालू लागलो.

पुढची जत्रा आली. देश स्वतंत्र होण्याच्या गोष्टी तेव्हा आमच्या मागांपर्यंत आल्या होत्या, आप्पा ऐकत आणि म्हणत, "बरं हाय, लई माणसं सुटतील." त्या वर्षी मांडवाच्या तोंडाशी ते आले तेव्हा मीच पुढे झालो. बाळाण्णांच्या आधी म्हणालो, "चला, आप्पा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आत आले. ताट वाढलं गेलं. मी समोर मांडी घातली आणि भाताला हात घातला.

आप्पांचा डावा हात झपकन आला आणि ताटाभोवती आवळला. माझी बोटं त्या हातावर आपटली. जन्मात पहिल्यांदा मी त्या हाताला शिवलो होतो. लाकडासारखा लागला. पंगतीत कुणी तरी "अगं बाई!" म्हणालं.

"हात आडवा आला," बाळाण्णा बोळक्या तोंडानं चाचरत म्हणाले. "घास नाकारला म्हणायचा... असं कधी झालंच न्हाय रं."

 आप्पा स्वतःच्या हाताकडे बघत होते, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "शिवा, मी न्हाय आणला रं त्यो," ते म्हणाले. "त्यो आपला आपण येतोय. तवाबी असाच आलता."

तवाबी. माझ्या वडिलांविषयी ते माझ्याशी बोललेले हे पहिले आणि शेवटचे शब्द. हात तसाच आवळलेला होता. सोडायचा म्हटला तरी त्यांना सुटत नव्हता. मी दोन्ही हातांनी तो धरला, एकेक बोट सोडवलं आणि त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवला. मग घास घेतला. भात निवून गेला होता. मी तो गिळला, आणि बाळाण्णांकडे बघून म्हणालो, "भूक होती. पहिल्यापासनंच होती."

 बाळाण्णा स्वतःच्या पानातला भात कालवत म्हणाले, "जेवा रं."

त्या महिन्यात गल्लीत आप्पांचा ताणा लागला. चार घरचे बाप्ये आले, बायका दारात उभ्या राहून थट्टा करत होत्या, "आप्पा, नवारीचं लुगडं करताय काय?" आप्पा हसले. त्यांना हसताना मी प्रथम पाहिलं. लुगडं वीतभर विणून झालं असेल, तेवढ्यात ते तापानं पडले आणि उठलेच नाहीत. खोपीत न ठेवता मी त्यांना माजघरात आणलं होतं. आणतानाही "चल" म्हणावंच लागलं.

तिरडीला खांदा द्यायला अख्खी गल्ली होती. पुढची बाजू मी धरली. घराच्या उंबऱ्यातून बाहेर पडताना मागच्या कुणाचा तरी खांदा बदलायचा होता, म्हणून सगळे थबकले. क्षणभरच. पण आप्पा पुन्हा दारात थांबले होते.

"चल," मी म्हणालो.

शेजारच्यानं विचारलं, "कुणाला रं?" मी पाऊल टाकलं, आणि आम्ही त्यांना कमानीपलीकडे घेऊन गेलो.